बाबा, अर्धे मार्क तुमचे

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही जिंकलात. जुलैमध्ये मी हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला रस पिणारा इथला चिमुकला पक्षी, म्हणून पाठवलेल्या व्हिडिओत फुलाभोवती जे भुरभुरत होतं, तो पक्षी नव्हता. "हमिंगबर्ड कसला, भुंगा आहे तो," असं म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात आणि आईने "कुठाय? कुठाय?" करत अख्खा व्हिडिओ संपवला. मी तेव्हा चिडून फोन ठेवला होता. परवा सहज तोच व्हिडिओ मोठा करून बघितला, तर डोक्यावर चांगल्या दोन मिशा! पक्ष्याला मिशा कुठून असणार? शेजारच्या आजींना दाखवला तर त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, दरवर्षी कोणी ना कोणी याला फसतं. तो एक पतंग आहे, दिवसा उडणारा. पंख काचेसारखे आरपार, पाठ हिरवट आणि पोट तपकिरी. फुलासमोर हवेतच थांबून सोंडेने रस पितो, अगदी हमिंगबर्डसारखा. त्याच्या इंग्रजी नावातही हमिंगबर्ड आहे. म्हणजे पक्षी नाही हे तुमचं बरोबर, पण भुंगाही नाही. अर्धे मार्क तुमचे, अर्धे कापले.

पण पक्षी येतो. रोज येतो, दिवसातून वीस वेळा येतो. फोनवर सांगायला घेतलं की तुम्ही मधेच पाऊस किती झाला ते सांगता आणि मग रेंज जाते, म्हणून हे कागदावर.

आई, तू इथे आलीस तेव्हाचं आठवतंय ना? २०२३ चा नोव्हेंबर. मागच्या दारी उभी राहून म्हणालीस, "एवढी जागा नि पूजेला एक फूल नाही." मी म्हटलं, अगं थंडी आहे. तू म्हणालीस, थंडीत आपल्याकडे शेवंती असते. तुम्ही मार्चमध्ये परत गेलात तेव्हाही इथे नुसत्या काटक्याच होत्या. ते तुझं वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. बर्फ वितळल्यावर पहिल्यांदा कर्दळीचे कंद आणले, लाल फुलांचे. आपल्याकडे न्हाणीच्या मागे सांडपाण्यावर कर्दळ आपोआप माजते, कोणी तिच्याकडे बघतही नाही. इथे तिचे काय लाड! पहिलं कडक दहिवर पडलं की पानं काळी पडतात, मग कंद खणून, माती झाडून, खोक्यात भरून गॅरेजमध्ये ठेवायचे आणि मे महिन्यात परत लावायचे. गंमत म्हणजे कर्दळ मूळची याच बाजूची, अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. आपल्याकडे ती पाहुणी म्हणून आली आणि न्हाणीमागे कायमची राहिली.

मग लाल साल्व्हिया लावला आणि बी बाम नावाचं एक झाड. ते तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं. पान चुरडलं की ओव्याच्या पानाची आठवण येते आणि फूल म्हणजे लाल झिपऱ्यांचं डोकं. पुदिन्यासारखंच पसरतं, दुसऱ्या वर्षी अर्धा वाफा त्याने खाल्ला. मी काही तक्रार करत नाही, कारण त्याला हरणं तोंड लावत नाहीत. हो, हरणं! तुमच्याकडे माकडं, आमच्याकडे हरणं. संध्याकाळी चार-पाच येतात, शांतपणे गुलाबाच्या कळ्या खातात आणि आपल्याकडे असं बघतात की आपणच त्यांच्या परसात शिरलोय. बाबा, तुमची गलोल इथे चालणार नाही, आधीच सांगून ठेवते.

झेंडूही लावला, दसऱ्यासाठी. त्याच्याकडे हमिंगबर्ड ढुंकूनही बघत नाही. त्याला नळीसारखी लांब फुलं लागतात.

पहिली भेट गेल्या वर्षी जूनमध्ये झाली. संध्याकाळी पाईपने पाणी घालत होते. कानाजवळ भुंग्याहून जाड, मोटर फिरल्यासारखा घूं आवाज आला. मी दचकून मान मागे घेतली. समोर, हातभर अंतरावर, हवेत एक पक्षी थांबलेला. थांबलेला म्हणजे अगदी खुंटीला टांगल्यासारखा. पंख दिसतच नव्हते, दोन्ही बाजूंना नुसता धूर. पाठ हिरवी, शेवाळलेल्या पायरीवर ऊन पडलं की चमकते तशी. गळा मला काळा वाटला. त्याने मान वळवली आणि तोच गळा, निखाऱ्यावर फुंकर घालावी तसा लालभडक पेटला. परत मान फिरवली, परत काळा. तो रंग पिसात नसतो म्हणे, मोरपिसासारखा प्रकाशाचा खेळ असतो, म्हणून एका कोनातूनच दिसतो. मी लाल कुर्ता घातला होता. त्याने मला खालपासून वरपर्यंत तपासलं, फूल नाही अशी खात्री केली आणि मागे सरकला. वळून नाही गेला हं, तोंड माझ्याकडेच ठेवून मागे उडाला. पाण्याने माझी चप्पल भरली होती, ते नंतर कळलं.

आई, तू म्हणशील आपल्या केळफुलावर येते ती फुलचुखी, तसंच काहीतरी असेल. मलाही तसंच वाटलं होतं. चोच लांब, अंग चमकदार, मकरंद पिणार. पण आपली फुलचुखी, पुस्तकात तिला शिंजीर म्हणतात, ती देठावर बसून पिते, जास्वंदीला बुडाशी भोक पाडून चोरून पिते. हवेत तरंगणं तिला घटकाभरच जमतं. हा अधांतरी राहूनच पितो. दोघांचं नातंही नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आहेत, उत्तर आणि दक्षिण मिळून साडेतीनशेच्या आसपास जाती. त्यातली आमच्या या पूर्वेच्या पट्ट्यात घरटं करणारी एकच, लाल गळ्याची. माद्यांचा गळा मात्र पांढराच असतो.

वजन जेमतेम पाव तोळा. पंखांची उघडझाप सेकंदाला पन्नासेक वेळा आणि उडताना काळीज मिनिटाला हजारावर ठोके घेतं. बाबा, तुमच्या बीपीच्या मशीनला तर तो आकडाही लिहिता यायचा नाही. एवढी भट्टी पेटती ठेवायची म्हणजे सारखं खायला हवं. रस तर पितातच, शिवाय चिलटं आणि बारके कोळीही खातात. आणि रात्री? रात्री भट्टी मंद करतात. अंग गार पाडून, ठोके कमी करून, मेल्यासारखे बसतात. गेल्या सप्टेंबरात एका गारठ्याच्या पहाटे एक मादी फांदीवर फुगून बसलेली दिसली. डोळे मिटलेले, हालचाल शून्य. मी म्हटलं, गेली बिचारी. चहा घेऊन परत आले तेव्हा थरथरत होती, ऊन अंगावर आल्यावर पाच मिनिटांत उडून गेली. तुमच्या नातवाने त्या दिवशी शाळेत जाताना विचारलं, "मलाही तसं झोपता येईल का?" त्याला काय सांगणार? तो तसाच तर झोपतो.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी फीडर टांगला. फीडर म्हणजे साखरपाण्याची बाटली, खाली लाल ताटली, तिला फुलासारखी भोकं. आई, प्रमाण लिहून घे, तुला उपयोग नाही पण तू विचारणारच. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. साधी पांढरी साखर. गूळ नाही, मध नाही, वेलची तर नाहीच नाही! गुळातलं लोह त्यांना बाधतं आणि मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते. दुकानात लाल रंग घातलेलं तयार पाणी मिळतं, मी तेच आणणार होते. शेजारच्या आजींनी हात धरून थांबवलं, ताटली लाल आहे तेवढं पुरे म्हणाल्या.

मुंग्यांचा प्रश्न आलाच. त्यावर इथे जो उपाय विकतात तो बघून मी दुकानात एकटीच हसले. फीडरच्या वर एक छोटी वाटी अडकवायची आणि तिच्यात पाणी भरायचं. तू परातीत पाणी घालून साखरेचा डबा ठेवतेस, तेच! त्याचे यांनी आठ डॉलर घेतले.

एक चूक झाली, सांगूनच टाकते. जुलैमध्ये चार दिवस बाहेरगावी गेलो. ऊन रणरणत होतं. परत आलो तर बाटलीतलं पाणी ढगाळ आणि भोकांच्या कडेला काळी बुरशी. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं असतं हे माहीत असून मी भरून गेले होते, उपाशी राहतील म्हणून. उपाशी कुठले राहतात, फुलं होती की सगळी. अशा पाण्याने जीभ सुजते त्यांची. गरम पाणी, व्हिनेगर आणि तुझ्या पद्धतीने बाटलीत तांदूळ घालून खळखळून घासली. आठवडाभर एकेक पक्षी मोजत होते.

स्वभावाने मात्र अतिशय भांडखोर. पाव तोळ्याचा जीव, पण भांडण नळावरचं. एक नर मे महिन्यापासून समोरच्या मेपलच्या वाळक्या काटकीवर ठाण मांडून होता. दुसरं कोणी फीडरवर आलं की वरून सूर मारून हाकलायचा. स्वतः प्यायचा किती, दोन घोट. बाकी वेळ राखण. बाबा, तुम्हांला कलमांच्या बागेतला आपला राखणदार आठवेल. शेवटी दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला टांगला, जिथे या काटकीवरून दिसत नाही. मग दोन माद्यांना सुखाने प्यायला मिळालं.

आणि हा नर घरच्या कामात शून्य. घरटं, अंडी, पिल्लं, सगळं मादी एकटी करते. गेल्या वर्षी पानगळ झाल्यावर मेपलच्या फांदीवर घरटं दिसलं. शिडीवर चढून पाहिलं. अर्ध्या अक्रोडाएवढं. आत कापसासारखी म्हातारी, म्हणजे वाऱ्यावर उडणारी बियांची पिसं, भरलेली, ती सगळी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेली. धागा ताणतो, त्यामुळे दोन पिल्लं वाढली की घरटंही त्यांच्याबरोबर सैल होतं. आणि बाहेरून काय लावलेलं असेल, आई? दगडफूल! तू गोड्या मसाल्यात घालतेस, त्याच्याच जातकुळीतलं, करड्या-हिरव्या रंगाचं. एकेक तुकडा असा चिकटवलेला की खालून ती फांदीची गाठच वाटते. मी ते काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवणार होते. आजींनी पुन्हा अडवलं. इथे १९१८ चा कायदा आहे, या पक्ष्यांचं रिकामं घरटंच काय, पडलेलं पीसही घरात ठेवायचं नाही. ठेवलं तिथेच. जानेवारीच्या वाऱ्यात गेलं ते.

गेल्या आठवड्यापासून काटकी रिकामी आहे. नर आधी निघतात. आता फीडरवर माद्या आणि यंदाची पिल्लं, गर्दी जुलैपेक्षाही जास्त. सगळी सारखी पितायत, कारण निघण्याआधी चरबी साठवायची असते, काही तर दुप्पट वजनाची होतात. इथून दक्षिणेला, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे. त्यातले बरेच मेक्सिकोचं आखात एका दमात पार करतात, सुमारे ८०० किलोमीटर, खाली नुसतं पाणी. मुंबईहून समुद्रावरून निघून मंगळूरच्याही पुढे जाऊन टेकावं, इतकं. थव्याने नाही, प्रत्येक जण एकेकटा. दोन महिन्यांच्या पिल्लाला वाट कोणी दाखवत नाही, आई तर आधीच निघून गेलेली असते. ते पहिल्याच फेरीत बरोबर पोचतं. (आई, तू पहिल्यांदा आलीस तेव्हा विमानतळावर तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगितली होती ती चालता येत नाही म्हणून नव्हे, चुकू नये म्हणून. हे आता कबूल करायला हरकत नाही.) सप्टेंबरअखेर इथे चिटपाखरू उरणार नाही. म्हणजे हेच चिटपाखरू.

आता मुद्द्याचं. तुम्ही दरवेळी नोव्हेंबरात का येता ते मला पाठ आहे. एप्रिल-मे आंबा, जूनच्या सुरुवातीपर्यंत कॅनिंगचा माल, मग लावणी, मग गणपती, मग कापणी. पण पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, गणपती पार १४ सप्टेंबरला येतायत. लावणी जुलैच्या मध्याला उरकते. म्हणजे १८-२० जुलैला निघालात तर ऑगस्ट पूर्ण इथे आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मखर बांधायला घरी. पन्नास दिवस होतात. बाबा म्हणतील, एवढ्यासाठी एवढं तिकीट? तुम्हांला पुढच्या नोव्हेंबरातही यायचंच होतं ना, तेच अलीकडे ओढा. लावणीला काही राहिलं तर दादा आहे. त्याच्याशी माझं बोलणं झालंय, हे तुम्हांला तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

आई, कर्दळ ऑगस्टात भरात असते. पूजेला फुलं भरपूर, पण सकाळी आठच्या आत तोडू नकोस, तेव्हा हमिंगबर्डच्या न्याहारीची वेळ असते.

गणपती आता दहा दिवसांवर आले. आरतीला व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा बाबा, फोन कशाला तरी टेकवून ठेवा. गेल्या वर्षी सगळी आरती मला माजघरातला पंखाच दिसत होता आणि मी काहीएक बोलले नव्हते.

तुमची,
लेक