जिनी सी. रायली एका गाण्याची नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एकाच गाण्यावर नाव कमावलेल्या गायकांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र त्या पंगतीत अमेरिकन गायिका जिनी सी. रायलीला बसवलेले खटकले.

तिच्या ‘हार्पर व्हॅली पी.टी.ए.’ या गाण्याने १९६८ साली अमेरिकेत धुमाकूळ घातला, यात वादच नाही. टेक्सासची ही मुलगी नॅशव्हिलमध्ये सेक्रेटरीची नोकरी करत होती. टॉम टी. हॉलने लिहिलेले हे गाणे तिच्याकडे आले आणि ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ या पॉप गाण्यांच्या यादीत दुसऱ्याच आठवड्यात ते ८१ वरून थेट ७ वर गेले. पुढे पॉप आणि कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण बाजाचे संगीत), दोन्ही याद्यांत पहिले. एकाच गाण्यावर असा दुहेरी मान मिळवणारी ती पहिली स्त्री. दुसरी डॉली पार्टन, तीही १९८१ मध्ये.

गाणे आहेच तसे झणझणीत. शाळेचा पालक-शिक्षक संघ मुलीच्या हाती चिठ्ठी धाडतो, की तुझ्या विधवा आईचे स्कर्ट फार आखूड. आई तसाच स्कर्ट घालून त्याच दिवशी सभेत शिरते आणि संभावितांची दारू, लफडी एकेक करून चव्हाट्यावर मांडते. (आमच्या शाळेच्या सभेत फीवाढीपलीकडे काही रंगत नसे!) गोष्ट सांगणारी ही तीच मुलगी, हे अगदी शेवटी ‘माझी आई’ हे शब्द आल्यावर उमगते.

आता मुद्दा. नुसती पॉपची यादी पाहिली तर रायली एका गाण्याची ठरते. पण ती गायिका कंट्रीची, आणि त्या यादीत १९७१ पर्यंत तिची आणखी पाच गाणी पहिल्या दहांत होती. ‘द गर्ल मोस्ट लाइकली’, ‘देअर नेव्हर वॉज अ टाइम’, ‘ओ सिंगर’ ही त्यांतलीच. बहर तीनेक वर्षांचाच, हे मान्य. नंतर ती ख्रिस्ती भक्तिगीतांकडे वळली. मिनीस्कर्टवाली ही ओळखही तिला नकोशी झाली होती.

चोरबाजारातून आणलेली तिच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची तबकडी माझ्याकडे आहे. खोक्याची कड उसवली आहे. ‘हार्पर व्हॅली’ लागले की सुई खरखरते, दोनदा अडकते. आधीच्या मालकाने तेवढेच घासलेले दिसते; ‘ओ सिंगर’ अजून नव्यासारखे वाजते.

आपला,
एक वाचक, सांगली