झुडपी रानाचे वजन जमिनीखालीही मोजावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृक्षलागवडीचे आकडे जाहीर होताना किती रोपे लावली हे सांगितले जाते. त्या जागेवर आधी काय उभे होते, याची नोंद मात्र केली जात नाही. आमच्या गावच्या गायरानावर रोपांसाठी खड्डे घेताना पळस, धावडा, बोर यांचे जुने बुडखे जेसीबीने मुळासकट उपटण्यात आले. विचारले तेव्हा ‘झुडपेच तर आहेत’ एवढेच उत्तर मिळाले.

भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत ओकची अशीच खुरटी राने आहेत. सरपण आणि कोळशासाठी वारंवार तोड झाल्याने व वणव्यांमुळे तिथला ओक एका खोडाचा राहिलेला नाही. एकेका बुडख्यातून त्याला अनेक फुटवे येतात. अशा झाडाला छातीइतक्या उंचीवर टेप लावून काही हाती लागत नाही. म्हणून अभ्यासक फुटव्यांची जाडी जमिनीलगत मोजतात, उंची आणि झुडपाचा पसारा नोंदवतात, मोजकी झुडपे कापून त्यांची पाने, काटक्या व लाकूड वेगवेगळे करतात, वजन स्थिर होईपर्यंत ते भट्टीत वाळवतात आणि या कोरड्या वजनाची मापांशी सांगड घालून उरलेल्या रानाचा अंदाज बांधतात. मुळे खोदून काढणे हे यातले सर्वांत कष्टाचे काम. परंतु ते केल्यामुळेच खुरट्या ओकच्या रानात जमिनीखालचे वजन कित्येकदा वरच्यापेक्षा जास्त भरते, हे समजले.

मराठवाड्यात ओक नाही, पण पळस आणि धावडाही तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतात. मापांवरून वजन काढण्यासाठी ओककरिता बसवलेली सूत्रे त्यांना लागू पडणार नाहीत. ती इथेच, प्रत्येक जातीसाठी नव्याने बसवावी लागतील. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार १० टक्क्यांहून कमी छत्र (म्हणजे फांद्या-पानांच्या सावलीखाली येणारी जमीन) असलेले झुडपी रान वनाच्छादनात धरले जात नाही. ज्या लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही, तिथे असे रान हिशेबाबाहेर राहणे मला फार गंभीर वाटते, कारण झाडोऱ्याच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो.

खड्डे घेण्यापूर्वी त्या जागेवर छोटे नमुना-चौकोन आखून झुडपांची मोजणी सक्तीची करावी. टेप, काटा आणि भट्टी एवढ्या साधनांवर महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही हे काम करू शकतील. मुळांसाठी वेगळे खोदकाम करण्याचीही गरज नाही. जे बुडखे आज उपटून बांधावर टाकले जातात, निदान त्यांचे तरी वजन करून ठेवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, जि. धाराशिव