'सौजन्य : इंटरनेट' म्हणजे श्रेय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्लॉगवरचा मजकूर आणि छायाचित्रं मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत सर्रास छापली जातात. खाली असतं 'सौजन्य : इंटरनेट', 'साभार : सोशल मीडिया', नाहीतर 'संकलन' आणि उचलणाऱ्याचं नाव. यातल्या एकाही ओळीत लेखक नसतो. टपालाने आलेल्या लेखाखाली आपण टपाल खात्याचं नाव घालत नाही, मग इंटरनेटचं का घालतो?

यात वाचकाचंही नुकसान होतं. हरिश्चंद्रगडाचं उदाहरण घ्या. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी लांबची. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट मात्र खडी घळ आहे. सुटे धोंडे, मध्ये कातळटप्पे. जाणकार सोबती आणि दोर असल्याशिवाय तिथे पाऊल घालू नये. ब्लॉगवर या तीन वाटा वेगवेगळ्या करून दीड हजार शब्दांत मांडलेल्या असतात आणि पुरवणीत जागा असते चारशे शब्दांची. मग कात्री लागते ती 'दोर हवाच', 'वरच्यांनी धोंडे पाडू नयेत', 'उन्हाळ्यात टाक्यातल्या पाण्यावर विसंबू नका' या वाक्यांना. कोकणकड्याचं वर्णन तेवढं उरतं. पुढे पावसात वाट ढासळली आणि लेखकाने ब्लॉगवर दुरुस्ती केली, तरी छापील कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर तसंच फिरत राहतं. त्यावर लेखकाचं नाव आणि ब्लॉगचा पत्ता असेल, तर निघण्याआधी मूळ मजकूर पाहता येतो.

वृत्तपत्राच्या संपादकीय डेस्कवरून उत्तर मिळतं की माहिती कुणाच्या मालकीची नसते. हे अर्धंच खरं आहे. कल्पना, विषय आणि घटना यांवर स्वामित्वहक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली स्पष्ट केलं. पण ती माहिती ज्या शब्दांत आणि मांडणीत लिहिली, ती लेखकाची. चार शब्द फिरवून ती आपली होत नाही, आणि परवानगीशिवाय मराठीत अनुवाद करूनही नाही. स्वामित्वहक्क कायद्याचं (१९५७) कलम ५७ लेखकाला स्वतःचं लेखकपण सांगण्याचा हक्क देतं आणि लेखनाचा स्वामित्वहक्क विकल्यावरही हा हक्क त्याच्याकडेच राहतो. वृत्तपत्रांच्या आचारावर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय प्रेस परिषदेच्या आचारसंहितेत तर बातमी आणि लेख यांत फरकच केला आहे. दुसऱ्याची बातमी घेतली तर स्रोत सांगावा, आणि लेख घ्यायचा तर परवानगीही हवी, श्रेयही हवं. नाव छापलं म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही.

एक बारकावा ब्लॉग लिहिणाऱ्यांनीही लक्षात ठेवावा. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख वृत्तपत्राला पुनर्मुद्रित करण्याची मुभा त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर. म्हणून प्रत्येक लेखाखाली 'पुनर्मुद्रणाचे हक्क लेखकाकडे राखीव' ही ओळ असावीच.

छायाचित्रांत घोळ अधिक. पाणचिन्ह (वॉटरमार्क) असलेली कड कापली जाते, कधी चित्र उलटं करून लावलं जातं. विकिमीडिया कॉमन्स या ऑनलाइन चित्रसंग्रहातली बरीच चित्रं फुकट वापरता येतात, पण बहुतेक परवान्यांची अट छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचं नाव देण्याची असते. 'सौजन्य : विकिपीडिया' लिहून ती पुरी होत नाही. हैतीतल्या जानेवारी २०१० च्या भूकंपाची एका छायाचित्रकाराने ट्विटरवर टाकलेली चित्रं एका जागतिक वृत्तसंस्थेने भलत्याच माणसाच्या नावाने जगभर पाठवली. ट्विटरवर होती म्हणून वापरली, हा बचाव न्यूयॉर्कच्या न्यायालयात टिकला नाही आणि २०१३ मध्ये ज्यूरीने आठ चित्रांसाठी सुमारे १२ लाख डॉलर भरपाई ठरवली.

उपसंपादकाला हे टाळायला दहा मिनिटं पुरतात. मजकुरातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावं, चित्रावरून शोध घेणाऱ्या गुगल लेन्सवर चित्र टाकावं आणि सर्वांत जुनी तारीख असलेलं पान उघडावं. तिथल्या पत्त्यावर दोन ओळींचा ईमेल पाठवावा. उत्तर येईपर्यंत लेख थांबवावा. गडाची किंवा पाककृतीची पुरवणी एका आठवड्याने शिळी होत नाही. छापताना लेखकाचं नाव, ब्लॉगचं नाव, मूळ तारीख आणि पत्ता द्यावा. ऑनलाइन आवृत्तीत तो पत्ता दुवा म्हणून चालू असावा.

ज्यांचं लेखन उचललं गेलं आहे त्यांनी रागाच्या भरात पोस्ट टाकण्याआधी पुरावा जमवावा. ई-पेपरचं पूर्ण पान तारीख, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांकासह उतरवून घ्यावं, नुसतं कात्रण नव्हे. आपलं आणि त्यांचं अशी दोन्ही पानं वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या तारखेसह प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) साठवावीत. कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत आक्रसते आणि तिच्यातली तारीख, कॅमेऱ्याची नोंद निघून जाते. त्यानंतर संपादकांना लेखी कळवावं. दाद मिळाली नाही तर प्रेस परिषदेकडे जाता येतं, मात्र दैनिक आणि साप्ताहिकाविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि संपादकांशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडावा लागतो. परिषद ताशेरे ओढते, दंड करत नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा न्यायालय आहे, आणि त्यासाठी स्वामित्वहक्काची नोंदणी आधी केलेलीच असावी अशी अट नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे आमची मागणी दोन गोष्टींची आहे. अशा तक्रारींसाठी एक ईमेल पत्ता रोज ठरावीक जागी छापावा. आणि चूक झाली तर दिलगिरी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, लेखकाच्या नावासह यावी, आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींत नको.

आपले,
इंटरनेटवर मराठीत लिहिणारे काही जण, पुणे