हात लावू देणारं विज्ञान केंद्र कोल्हापुरात हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत नातवंडांना मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र दाखवलं. १९८५ पासूनचं हे केंद्र. इथं ‘हात लावू नये’ ऐवजी ‘करून पाहा’ असा सगळा कारभार. समोरासमोर, बऱ्याच अंतरावर दोन मोठ्या खोलगट थाळ्या आहेत. एकीत तोंड घालून नातीनं हळूच भावाला चिडवलं, ते पलीकडच्या थाळीपाशी त्याला लख्ख ऐकू गेलं आणि तिथंच भांडण जुंपलं. ध्वनीचं परावर्तन दोघांचं पाठ होतं. डोकं जरा बाजूला सरकलं की आवाज गायब होतो, हे मात्र भांडताना कळलं.

पण मुंबई पावणेचारशे किलोमीटर. आपल्या तालुक्यातली किती पोरं तिथं पोचणार? आणि दाखवायला आपल्याकडं काय कमी आहे? ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले’ ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. बटण कुणी दाबत नाही; धरण भरलं की पाण्याच्या दाबानंच दरवाजे उघडतात, पातळी उतरली की मिटतात. सात आहेत. ते कसे उघडतात, हे आपल्यातले किती जण सांगतील? टाकीत पोरांनी बादलीनं पाणी ओतायचं आणि दरवाजा आपोआप उघडताना बघायचा, असं मॉडेल करता येईल. शेजारी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, पाणी अडवायच्या फळ्या म्हणजे बरगे घालायला आणि काढायला पोरांच्याच हाती.

किरणोत्सवही घ्या. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं देवळाच्या महाद्वारातून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत येतात. दोनदाच का? २१ डिसेंबरच्या अलीकडं-पलीकडं साधारण सारख्याच दिवसांवर, दक्षिणेला जाताना आणि परतताना, सूर्य त्याच जागी मावळतो म्हणून. रुळावर सरकणारा एक दिवा आणि लाकडी महाद्वार, एवढ्यात हे दाखवता येईल.

गोम पुढंच आहे. दुसऱ्या एका शहरात असंच केंद्र पाहिलं, निम्म्या यंत्रांवर ‘बंद आहे’च्या चिठ्ठ्या. पोरं हँडल फिरवणार म्हणजे बुश झिजणार, बेअरिंग जाणार. इमारतीला निधी मिळतो, बुशला कोण देतो? माझा जन्म उद्यमनगरात लेथवर गेला, म्हणून हे आधी दिसतं. सुटा भाग इथल्याच वर्कशॉपात दुपारपर्यंत करून मिळेल, अशीच यंत्रं ठेवावीत. बाहेरून आणलेले टचस्क्रीन नकोत. काचेवर बोट फिरवणं घरी मोबाईलवर चालूच आहे.

जागा कुठली, या वादात मी पडत नाही. आराखडा झालाच तर निविदा काढण्याआधी फौंड्रीवाले, पॅटर्नवाले (ओतकामासाठी लागणारे नमुने करणारे) आणि आयटीआयच्या निदेशकांना एकदा बसवावं. माझ्यासारखे निवृत्त कारागीर पॅटर्न करून द्यायला तयार होतील. मजुरी नको, चहा मात्र वेळेवर लागेल.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर