जबड्याच्या ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी

प्रिय सुहास,

तुझा मेसेज वाचला, सर्जनने खालचा जबडा पुढे घ्यायचा सांगितलंय आणि तुझं मन जवळजवळ झालंय. मी तुला अडवायला लिहीत नाहीये हं. माझे समोरचे दात आज एकमेकांना टेकतात, त्यांनी घास तोडता येतो, ऑपरेशनच्या आधी आयुष्यात कधी ते जमलं नव्हतं. पण नसेचं, म्हणजे संवेदना नेणाऱ्या नर्व्हचं, प्रकरण तुला आधीच पूर्ण माहीत असायला हवं, कारण कन्सेंट फॉर्मवर ते एका ओळीत असतं आणि सही करताना त्या ओळीवरून नजर सरकून जाते.

खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतून दोन्ही बाजूंनी एकेक नस जाते आणि हनुवटीजवळच्या छिद्रातून बाहेर येते. खालचे दात, हिरड्या, खालचा ओठ, हनुवटी यांची संवेदना तिच्याकडे. खालची दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देऊन जी बधिर करतात ती हीच. आता सगळ्यात जास्त चालणारी पद्धत, जी ट्राउनर आणि ओब्वेगेसर या सर्जननी 1957 मध्ये मांडली, तिच्यात मागच्या भागात हाड उभं चिरून त्याच्या दोन फळ्या करतात, पुढचा भाग हवा तिथे सरकवतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. म्हणजे नस त्या चिरेच्या अगदी वाटेतच. ती पूर्ण कापली जाणं क्वचित होतं, पण ताणली जाते, दाबली जाते, सुजेत सापडते, त्यामुळे सुरुवातीला ओठ बधिर असणं हे जवळपास सगळ्यांनाच होतं आणि त्याने घाबरायचं नाही. नुसता दाब असेल तर काही आठवड्यांत संवेदना परतायला लागते. आतले तंतू तुटले असतील तर ते नव्याने वाढत यावे लागतात आणि त्यांचा वेग साधारण दिवसाला 1 मिलिमीटर, म्हणून 6 महिने, वर्ष असे आकडे डॉक्टर सांगतात. आणि काही लोकांना थोडा बधिरपणा कायमचा राहतो. हे "काही लोक" म्हणजे आपणही असू शकतो एवढं मनाशी ठरवूनच पुढे जा.

यातला सगळ्यात एकटं पाडणारा भाग सांगू का, बाहेरून काहीच दिसत नाही. ओठ हलवणारी नस वेगळी, त्यामुळे हसणं व्यवस्थित, आणि लोक म्हणतात अरे मस्त झालंय की. इकडे पाणी हनुवटीवरून ओघळलेलं शर्ट ओला झाल्यावर कळतं, दाढी करताना कापलेलं आरशात रक्त दिसल्यावर कळतं, गरम काही प्यायचं तर आधी वरच्या ओठाने अंदाज घ्यावा लागतो. माझी डावी बाजू बऱ्यापैकी परत आली. उजवीकडे आधी मुंग्या आल्या, तेव्हा बरं वाटलं कारण मुंग्या म्हणजे बहुतेक वेळा नस जागी होतेय, पण मग आग व्हायला लागली, नुसता गार वारा लागला तरी विजेचा झटका बसल्यासारखं. सुहास, हा फरक लक्षात ठेव. बधिरपणासाठी थांबता येतं, पण हलक्या स्पर्शानेही दुखायला लागलं, आग वाढत गेली तर होईल बरं म्हणून महिने काढायचे नाहीत. त्याला साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही, गॅबापेंटिन, प्रेगाबालिनसारखी नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात आणि ती जाणकार डॉक्टरनेच ठरवायची. मला त्यांनी झोप परत दिली.

बाकी गोष्टी पण आहेत. हाड भलतीकडे चिरलं जाणं, इन्फेक्शन, प्लेट काढावी लागणं, जबडा हळूहळू थोडा मागे सरकणं, आणि काहींच्या बाबतीत, तरुण मुलींमध्ये जास्त, कानाजवळच्या सांध्यातलं जबड्याचं टोक झिजून समोरचे दात पुन्हा एकमेकांना न टेकणं. सर्जनला हे सगळं विचारच, पण मला काळजी नसेचीच जास्त आहे, कारण वय वाढलं की ती कमी भरून येते, आणि सोबत हनुवटीचंही ऑपरेशन केलं तर त्या नसेला आणखी एकदा धोका. तुला हनुवटीपण करायचीय ना? ती खरंच हवीय का हे स्वतःला शांतपणे विचार.

सर्जनला सीटी स्कॅनवर नसेचा मार्ग दाखवायला सांग, ती हाडाच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून आहे का ते बघ. त्यांच्या स्वतःच्या पेशंटपैकी वर्षानंतर किती जणांना बधिरपणा राहिला हे थेट विचार, चांगला सर्जन चिडत नाही. नस कापली गेलीच तर त्याच वेळी जोडणार का, नाहीतर नस जोडणाऱ्या सर्जनकडे किती लवकर पाठवणार, कारण त्यात पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात. आणि ऑपरेशनच्या आधीच ओठ-हनुवटीची संवेदना तपासून लिहून ठेवायला लाव, कापसाचा स्पर्श, टोचणी, एकदम टेकवलेली दोन टोकं वेगळी कळतात का, सगळं. ती नोंद नसली तर नंतर किती गेलं आणि किती परत आलं हे कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि त्रास होत असलेल्या माणसालाच स्वतःचं दुखणं पटवून द्यायला लागतं.

स्कॅन झाला की फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल, पुढच्या भेटीत काय काय विचारायचं ते आपण दोघं बसून लिहून काढू. आणि हवं असेल तर त्या भेटीला मी येतो तुझ्यासोबत.

तुझा,
निनाद