आमच्या आशाताईंना, जाहीर आभार

आशाताई, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर "त्यात काय, कामच हाय माझं" म्हणत तुम्ही पुढच्या घरी निघून जाल. म्हणून हे जाहीर पत्र.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा भरायचा तो फॉर्म घेऊन तुम्ही ओट्यावर बसला होतात. स्वयंपाक कशावर, खोकला किती दिवसांचा, बेडक्यात रक्त पडतं का. आईचं एकच पालुपद: "मला काय धाड भरलीय?" धाप लागते का विचारलं, तर म्हणाली, "धाप कशाची लागतीय, घरातच तर असते." दुसरं कुणी रकान्यात 'नाही' लिहून उठलं असतं. तुम्ही त्या 'घरातच'पाशी थांबलात. पाणी कोण आणतं? रानात शेवटचं कधी गेलात? हरिपाठाला का दिसत नाही? पाण्याला वहिनी जात होती, रान कधीचंच सुटलं होतं, आणि देवळाच्या पायऱ्या चढल्यावर अभंगाला आवाज उरत नाही म्हणून हरिपाठही बंद. तिला धाप लागत नव्हती, कारण धाप लागेल असं एकेक काम तिने गुपचूप सोडून दिलं होतं. आम्ही सगळे त्याला 'आता वय झालं' म्हणत होतो.

मग बोलत बोलत तुम्ही तिला गोठ्यापर्यंत नेलंत. परतताना तिचं वाक्य मध्येच तुटलं. मेढीला हात टेकून ती पुढे वाकली आणि ओठांचा चंबू करून, फुंकणीत फुंकावं तसा हळूहळू श्वास सोडू लागली. "हे कुणी शिकवलं?" तुम्ही विचारलंत. कुणीच नाही. आत अडकलेली हवा बाहेर काढायला शरीर आपसूक असं करतं.

सासरी आल्यापासून बिनखिडकीच्या खोलीत पऱ्हाट्यांचा आणि गोवऱ्यांचा धूर. पण विडीला कधी हात लावला नाही, त्यामुळे फुप्फुसाचं दुखणं कुणाच्या ध्यानीमनी नाही. छाती भरली की खोकल्याची बाटली आणि अँटिबायोटिक, हेच चाललेलं. बेडक्याच्या तपासणीत टीबी निघाला नाही, एक्स-रेतही विशेष काही नाही, तेव्हा घरात सगळ्यांनी हुश्श केलं. तुम्ही मात्र अडून बसलात की फुंकायची तपासणी झालीच पाहिजे.

ती स्पायरोमेट्री जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोर लावून संपेपर्यंत सोडायचा. मग पंपातून औषध देऊन थोड्या वेळाने पुन्हा तेच. सोडलेल्या एकूण हवेतली निदान ७० टक्के पहिल्याच सेकंदात बाहेर यायला हवी. आईची औषधानंतरही निम्मी येईना. दम्यात औषधाने हा आकडा बऱ्याचदा सुधारतो, इथे तो हलला नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन हवा आत अडकण्याचा फुप्फुसाचा आजार.

पुढची लढाई पंपाची. "एकदा लागला की सुटत नाही" असं अख्ख्या गल्लीने आईला ऐकवलं होतं. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते, हे तुम्ही तिला तिच्या भाषेत पटवलंत. पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडं, लावून औषध घ्यायचं, श्वास रोखायचा, नंतर चूळ भरायची, सगळं समोर बसून करून घेतलंत. भाकरी चुलीवरचीच, हे तिचं मत तेवढं तुम्हालाही बदलता आलं नाही. गॅस चहापुरताच होता, आता भाजी-भात त्यावर होतो. चूल अंगणात गेली आणि भाकरी वहिनी थापते.

झालेली झीज भरून येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तरी आई आता शेजारी जाऊन येते, वाटेत एकदा टेकते. तुम्ही लिहून दिलेला कागद भिंतीवर आहे: कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, पाय सुजले तर दवाखाना, ओठ निळे पडले किंवा गुंगी आली तर लगेच १०८.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला, आणि २०२४मध्ये तुम्हा लोकांना मानधनासाठी आझाद मैदानात बसावं लागलं. यावर मी काय बोलू!

एक काम मात्र सांगते. मागच्या आळीतले काका बरीच वर्षं वीटभट्टीवर आहेत आणि हल्ली सायकल हातात धरून चालत येतात. विचारलं तर पंक्चर आहे म्हणतात. पुढच्या फेरीत त्यांच्या ओट्यावर जरा जास्त वेळ बसा.

तुमची,
थोरली लेक, सध्या मुक्काम पुणे