अमेरिकी यादवी युद्ध आणि संख्याबळाची अपुरी मोजणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील यादवी युद्धाचा (१८६१–६५) विषय निघाला की दक्षिणेच्या पराभवाचे एक ठरावीक कारण सांगितले जाते: उत्तरेकडे माणसे अधिक, कारखाने अधिक, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला होता. खुद्द दक्षिणेचे सेनापती जनरल रॉबर्ट ली यांनी १० एप्रिल १८६५ रोजी आपल्या सैन्याचा निरोप घेताना हेच कारण दिले आणि दक्षिणेतील पुढच्या पिढ्यांनी ते उराशी बाळगले. हे कारण खोटे नाही. पण त्यामागची मोजणी अपुरी आहे आणि तिच्यातून जे गळते ते मला फार महत्त्वाचे वाटते, म्हणून हे पत्र.

१८६० च्या जनगणनेनुसार संघराज्यात राहिलेल्या राज्यांची लोकसंख्या सुमारे २ कोटी २० लाख होती, तर फुटून निघालेल्या ११ राज्यांची, म्हणजे दक्षिणेची, सुमारे ९० लाख. देशातील कारखानदारीपैकी ९० टक्क्यांच्या आसपास उत्पादन उत्तरेत होत असे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेतून युद्धकाळात सुमारे आठ लाख बंदुका बाहेर पडल्या. दक्षिणेकडे मात्र युद्धाच्या आरंभी अवजड तोफा ओतू शकेल असा मोठा कारखाना रिचमंडचा ट्रेडेगर हा एकच होता. अर्थात जॉर्जियातील ऑगस्टा येथे जोसाया गॉर्गस यांच्या दारूगोळा खात्याने जवळजवळ शून्यातून बारुदीचा प्रचंड कारखाना उभारला आणि बारुदीअभावी दक्षिणेचे सैन्य कधी अडले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

दक्षिण खरी अडली ती रेल्वेपाशी. तिच्याकडे सुमारे नऊ हजार मैलांचे लोहमार्ग होते, पण ते लहान लहान कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या रुंदीचे असल्याने अनेक ठिकाणी माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. नवे रूळ बनवणे युद्धकाळात जवळपास थांबलेच, कारण हाती येणारे लोखंड तोफांना आणि चिलखती जहाजांना लागत होते. मुख्य मार्ग चालू ठेवण्यासाठी फाट्यांवरचे रूळ उखडून आणावे लागत. उत्तरेचे सेनानी शर्मन यांच्या सैनिकांनी हे अचूक हेरले होते. जॉर्जियात ते स्लीपर रचून पेटवीत, त्या जाळावर रूळ मधोमध लाल होईपर्यंत तापवीत आणि झाडाच्या बुंध्याभोवती पिळून टाकीत, कारण नुसता वाकवलेला रूळ ठोकून पुन्हा सरळ करता येतो. उत्तरेने १८६२ च्या आरंभीच रेल्वे ताब्यात घेण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला, आणि सप्टेंबर १८६३ मध्ये व्हर्जिनियातून सुमारे वीस हजार सैनिक बाराशे मैलांवर टेनेसीच्या आघाडीकडे दोन आठवड्यांच्या आत पोहोचवून दाखवले. रूळ अधिक होते हे खरे, पण ते एका हाताखाली आणण्याचा निर्णयही घ्यावा लागला होता.

आता मनुष्यबळाकडे वळू. दक्षिणेच्या त्या ९० लाखांत सुमारे ३५ लाख लोक गुलाम होते. शेती, खंदक, तटबंदी आणि ट्रेडेगरच्या भट्ट्यांवरचे बरेचसे काम त्यांच्याकडून करून घेतले जात होते, म्हणूनच तर लढण्याच्या वयाच्या गोऱ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पुरुष सैन्यात धाडणे दक्षिणेला शक्य झाले. या लोकांनी मळे सोडून उत्तरेच्या छावण्या गाठायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक माणसामागे एका बाजूचे बळ घटले आणि दुसरीचे वाढले. १३ मे १८६२ च्या पहाटे रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूधाऱ्याने कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली आणि तोफांनी लादलेले ‘प्लँटर’ हे जहाज, आत आपले कुटुंब घेऊन, दक्षिणेच्या चार्ल्स्टन बंदराच्या किल्ल्यांसमोरून बाहेर काढून उत्तरेच्या नाविक नाकेबंदीच्या स्वाधीन केले. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या भूसेनेत दाखल झाले आणि त्यांतील बहुसंख्य गुलामगिरी असलेल्या राज्यांतून आलेले होते. हे बळ हातचे घालवले तर संघराज्यही हातचे जाईल, असे लिंकन यांनी १८६४ मध्ये लिहिले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपण निवडणूक हरणार असे लिंकन यांना वाटत होते, हेही लक्षात घ्यावे. सारे कारखाने आणि सारी लोकसंख्या पाठीशी असूनही उत्तरेचे मतदार थकले होते. सप्टेंबरच्या आरंभी दक्षिणेचे अटलांटा शहर उत्तरेच्या हाती पडले नसते तर संख्याबळाचा उपयोग करण्याची संधीच कदाचित उरली नसती. दक्षिणेच्या काँग्रेसने गुलामांना सैन्यात घेण्याचा कायदा केला तो १३ मार्च १८६५ रोजी, ली यांच्या शरणागतीला महिनाही उरला नसताना.

म्हणून विनंती इतकीच, की या युद्धावरील लेखांत आणि पाठ्यपुस्तकांत दोन्ही बाजूंच्या लोकसंख्येचा तक्ता देताना दक्षिणेच्या ९० लाखांपुढे त्या ३५ लाखांची नोंद वेगळी दाखवावी आणि युद्धाच्या शेवटी त्यांपैकी किती जण कोणाच्या बाजूने लढत होते, तेही तिथेच सांगावे.

आपला नम्र,
एक वाचक